कंपवात की त्याच्यासारखाच दुसरा आजार? मेंदूच्या स्कॅनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगडपासून सावंतवाडीपर्यंतच्या घरांतून हे प्रश्न सतत येत असतात. हाताला कंप, मंदावलेली चाल, वारंवार पडणं अशा तक्रारी घेऊन लोक स्कॅनसाठी घाट चढून कोल्हापूर-कराडला, नाहीतर मुंबईला किंवा गोव्याला जातात. दिवस मोडतो, पैसे जातात, आणि पुष्कळदा हातात आलेल्या रिपोर्टातून हव्या त्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. निघण्यापूर्वी कोणता स्कॅन कशासाठी, हे कळावं म्हणून ही उत्तरं आहेत. ती वाचून कोणतीही गोळी स्वतःहून बंद किंवा सुरू करू नका.

१. बाबांना कंपवात आहे असं डॉक्टर म्हणाले. मग एमआरआय नॉर्मल कसा आला?

सुरुवातीच्या कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, साधा एमआरआय नॉर्मलच येतो. या आजारात मध्यमेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा नावाच्या भागातल्या डोपामिन, म्हणजे हालचालीसाठी लागणारं रसायन, तयार करणाऱ्या पेशी मरतात. एमआरआय मेंदूचा आकार आणि त्यातले डाग दाखवतो, आणि एवढ्याशा भागातल्या पेशी कमी झाल्या म्हणून मेंदूचा आकार बदलत नाही. त्यामुळे नॉर्मल एमआरआय हातात आला तर निदान चुकलं असं समजू नका. लकवा (म्हणजे रक्तपुरवठा अडून मेंदूला झालेली इजा), गाठ, साचलेलं पाणी, रक्ताची गुठळी यांपैकी काही नाही, एवढं त्यातून कळतं, आणि तेही महत्त्वाचं आहे.

रिपोर्टात ‘वयोमानानुसार झीज’ किंवा ‘फाझेकास ग्रेड १’ असं लिहिलेलं दिसलं की घरचे घाबरतात. सत्तरीच्या माणसाच्या मेंदूत असे किरकोळ पांढरे ठिपके बहुधा असतातच. ते कंपाचं कारण नव्हे.

२. नॉर्मलच येणार असेल तर एमआरआय काढायचा कशाला?

सगळ्यांना तो लागतच नाही. कंप एकाच हातातून सुरू झाला, हात मांडीवर निवांत असताना तो दिसतो, हालचाल मंदावली आहे आणि लेव्होडोपाच्या, म्हणजे कंपवाताच्या मुख्य औषधाच्या, गोळीने स्पष्ट फरक पडतो, तर अनुभवी न्यूरोलॉजिस्ट स्कॅनशिवायही निदान करतात.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर मात्र तो टाळू नये: पहिल्या तीन वर्षांतच वारंवार पडणं, दोन्ही बाजूंना सारखाच त्रास, हात ठीक पण पाय जमिनीला चिकटल्यासारखे, पुरेशा डोसाची लेव्होडोपा देऊनही फरक नाही, लघवीवर ताबा नसणं किंवा उभं राहिल्यावर रक्तदाब घसरणं, खाली बघता न येणं, आणि वय चाळिशीच्या आत असणं.

एक कारण आमच्याकडे विशेष लक्षात ठेवण्यासारखं आहे. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, आजी-आजोबा घसरतात, डोक्याला टेंगूळ येतं आणि आठवड्याभरात सगळे ते विसरतात. तीन-चार आठवड्यांनी चाल मंदावते, माणूस सुस्त होतो. हा कंपवात नसून कवटीच्या आत हळूहळू साचलेलं रक्त असू शकतं, म्हणजे सबड्युरल हिमॅटोमा. साध्या सीटी स्कॅनमध्ये ते काही मिनिटांत दिसतं आणि वेळेत काढलं तर माणूस पूर्वीसारखा चालू लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा धोका जास्त. पडल्याची गोष्ट डॉक्टरांनी विचारली नाही तरी सांगा.

३. कंपवातासारखे दिसणारे आजार कोणते? लक्षणांवरून फरक ओळखता येतो का?

बऱ्याच अंशी येतो, आणि स्कॅनच्या आधी तो ओळखायचा असतो.

*इसेन्शियल ट्रेमर:* चहाचा कप उचलताना, सही करताना, सुईत दोरा ओवताना दोन्ही हात थरथरतात. निवांत ठेवले की थांबतात. घरात आणखी कुणाला असण्याची शक्यता बरीच.

*पीएसपी, म्हणजे प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी:* माणूस लवकर आणि बहुधा मागच्या मागे पडतो. डोळे खाली वळत नाहीत, म्हणून ताटातलं दिसत नाही, अंगावर सांडतं, जिना उतरताना पाऊल चुकतं. घरचे ‘चष्म्याचा नंबर बदलला असेल’ म्हणून चष्मेवाल्याकडे नेतात. चष्मा तीनदा बदलूनही पायरी दिसत नसेल तर डोळ्यांची हालचाल तपासून घ्या.

*एमएसए, म्हणजे मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफी:* उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा त्याहून जास्त घसरतो, लघवी तुंबते किंवा सुटते, आवाज बदलतो, तोल जातो.

*कॉर्टिकोबेसल सिंड्रोम:* एकच हात ताठ आणि बेशिस्त होतो. ताकद असते, पण बटण लावता येत नाही.

यांशिवाय मेंदूत पाणी साचणं (प्रश्न १६), औषधांमुळे होणारा त्रास (प्रश्न ४), छोट्या छोट्या लकव्यांमुळे होणारा कंपवातासारखा त्रास आणि तरुणांमधला विल्सनचा आजार (प्रश्न १७) हेही यादीत असतातच.

४. डॉक्टरांनी स्कॅन न सांगता घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणायला सांगितल्या. का?

हे करणारा डॉक्टर भेटला तर तुमचं नशीब चांगलं. काही अगदी नेहमीच्या गोळ्या मेंदूतलं डोपामिनचं काम अडवतात आणि हुबेहूब कंपवातासारखी लक्षणं आणतात. या यादीकडे घरात कुणाचं लक्ष जात नाही, कारण त्या ‘मेंदूच्या गोळ्या’ म्हणून दिलेल्याच नसतात:

- चक्करेसाठी सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन
- अर्धशिशीसाठी फ्लुनारिझिन
- उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड
- ॲसिडिटीच्या जोड-कॅप्सूलमधलं लेव्होसल्पिराइड
- मानसिक आजारासाठी हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन आणि त्याच गटातली इतर औषधं
- फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट

घाटात गाडी लागते म्हणून एखाद्या वेळी घेतलेल्या गोळीने हे होत नाही. ‘बरं वाटतं’ म्हणून महिनोन्‌महिने रोज घेतलेल्या गोळीने होतं. लेव्होसल्पिराइडचं नाव पाकिटावर बारीक अक्षरात, दुसऱ्या औषधाच्या मागे असतं, म्हणून पाकिटंच घेऊन जा. ‘पांढरी गोळी, सकाळची’ यावरून काहीच कळत नाही.

औषध बंद केल्यावर लक्षणं ओसरायला काही आठवडे लागतात, कधी सहा महिने किंवा त्याहूनही जास्त. मानसिक आजाराची किंवा फिट्सची गोळी अचानक बंद करणं धोक्याचं आहे. ती ज्यांनी दिली त्यांच्याशी बोलूनच बदला. बदलूनही लक्षणं हटली नाहीत, तर मुळात कंपवात होता आणि औषधाने तो उघडा पाडला अशी शक्यता उरते. त्या टप्प्यावर ट्रोडॅट स्कॅन (प्रश्न ९) खरा उपयोगी पडतो.

५. एमआरआयच्या चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ लिहिलं आहे. पुरेसं आहे का?

नाही. बहुतेक वाया गेलेले स्कॅन इथेच वाया जातात. नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ लिहिलं की सेंटरवर नेहमीचा, लकवा शोधायचा अभ्यास होतो: ५ मिलिमीटर जाडीचे काप. त्यात मध्यमेंदूची मोजमापं नीट घेता येत नाहीत.

डॉक्टरांना चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहायची विनंती करा. पहिली, कोणत्या आजारांत फरक करायचा आहे, उदाहरणार्थ ‘दोन वर्षांपासून मंद हालचाल, वारंवार पडणं, पीएसपी, एमएसए, एनपीएच यांपैकी काही आहे का’ (एनपीएच म्हणजे मेंदूत पाणी साचणं). दुसरी, कोणती बाजू जास्त आणि किती काळापासून. तिसरी, हवे असलेले सिक्वेन्स, म्हणजे चित्र घेण्याच्या पद्धती (ही नावं सेंटरला कळतात): १ मिलिमीटरचा थ्रीडी टी-वन, टी-टू, फ्लेअर, डिफ्यूजन, आणि मध्यमेंदूतून जाणारा पातळ कापांचा एसडब्ल्यूआय. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन या कामासाठी सहसा लागत नाही.

मागचा एखादा सीटी किंवा एमआरआय असेल तर त्याची सीडी सोबत न्या. दोन वर्षांपूर्वीच्या चित्राशेजारी आजचं चित्र ठेवलं की जे कळतं, ते एकट्या चित्रातून कळत नाही.

६. आमच्याकडच्या सेंटरला १.५ टेस्लाचं मशीन आहे. ३ टेस्लासाठी मुंबई गाठायची का?

बहुतेकांना गरज नाही. टेस्ला हे मशीनच्या चुंबकाची ताकद मोजायचं एकक. पीएसपीतला आकसलेला मध्यमेंदू, एमएसएतले पॉन्स (मध्यमेंदूच्या खालचा भाग) आणि लहान मेंदूतले बदल, साचलेलं पाणी, जुने लकवे, सबड्युरल हे सगळं १.५ टेस्लावर व्यवस्थित दिसतं, फक्त काप योग्य घेतलेले हवेत. ३ टेस्लाचा खरा फायदा प्रश्न ८ मधल्या खुणेसाठी. नीट चिठ्ठी घेऊन जवळच्या १.५ टेस्लावर काढलेला स्कॅन हा मोघम चिठ्ठीवर लांब जाऊन काढलेल्या ३ टेस्लाच्या स्कॅनपेक्षा जास्त कामाचा.

७. रिपोर्टात ‘हमिंगबर्ड साइन’ आणि ‘हॉट क्रॉस बन साइन’ असे शब्द आहेत. याचा अर्थ काय?

हमिंगबर्ड म्हणजे लांब चोचीचा इवलासा पक्षी. मेंदूचा बरोबर मधून घेतलेला उभा काप पाहिला तर निरोगी माणसात मध्यमेंदूचा वरचा काठ फुगीर असतो. पीएसपीत तो आत बसतो. खालचा पॉन्स मात्र गुटगुटीत राहतो. दोन्ही मिळून पक्ष्याचं डोकं-चोच आणि धड दिसतं. जपानी संशोधकांनी २००५ मध्ये दिलेली मोजमापं या फरकाची कल्पना देतात: मध्यमेंदूचं सरासरी क्षेत्रफळ निरोगी लोकांत सुमारे ११८ चौरस मिलिमीटर, कंपवातात १०३, पीएसपीत फक्त ५६. काही रिपोर्टांत ‘एमआरपीआय’ असा आकडा असतो. पॉन्स-मध्यमेंदू यांचं गुणोत्तर आणि लहान मेंदूच्या दोन देठांच्या जाडीचं गुणोत्तर यांच्या गुणाकारातून तो निघतो. तो जितका जास्त, तितका कल पीएसपीकडे.

चुका कुठे होतात? काप जरा तिरका गेला तर निरोगी मध्यमेंदूही बारीक दिसतो. मेंदूत पाणी साचलेल्या माणसात मध्यमेंदू दाबला जाऊन खोटा हमिंगबर्ड दिसतो. आणि पीएसपीच्या पहिल्या एक-दोन वर्षांत खूण नसूही शकते. म्हणून माणूस मागे पडत असेल, डोळे खाली वळत नसतील, तर ‘हमिंगबर्ड नाही’ या वाक्यावर विसंबून पीएसपी खोडू नये.

हॉट क्रॉस बन हा इंग्लंडमधला, वरून फुलीची खूण असलेला पाव. पॉन्सच्या आडव्या कापात तशी पांढरी फुली दिसली की एमएसएचा संशय बळावतो. पुटॅमेन नावाचा भाग आकसणं आणि लहान मेंदूचे मधले देठ पांढरे दिसणं याही त्याच आजाराच्या खुणा. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत एमएसएच्या सर्वांत खात्रीच्या वैद्यकीय पातळीसाठी एमआरआयवरची किमान एक खूण आवश्यक धरली आहे. इथेही दोन सापळे आहेत. फुली काही आनुवंशिक अटॅक्सियांतही, म्हणजे तोल बिघडवणाऱ्या आजारांतही दिसते, म्हणून घरात आणखी कुणाचा तोल जात असेल तर सांगा. दुसरा सापळा, पुटॅमेनच्या कडेची बारीक पांढरी रेघ ३ टेस्लावर निरोगी माणसातही दिसते. एकट्या त्या रेघेवरून एमएसए म्हणू नये.

८. ‘स्वॅलो टेल’ दिसत नाही, म्हणजे पार्किन्सन्स पक्का का?

पक्का नाही. ३ टेस्लाच्या एसडब्ल्यूआयवर निरोगी सबस्टॅन्शिया नायग्रा मागच्या बाजूला दुभंगलेल्या शेपटीसारखी दिसते. मधली पांढरी फट म्हणजे नायग्रोसोम-१ हा पेशींचा पुंजका. कंपवातात फट बुजते. पण ती पीएसपी आणि एमएसएतही बुजते, त्यामुळे या तिघांत फरक करायला ही खूण चालत नाही. शिवाय फट जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. रुग्णाचं डोकं थोडं हललं की ती पुसली जाते, आणि ज्याला स्थिर पडता येत नाही अशाच माणसाचा हा स्कॅन असतो.

९. ट्रोडॅट स्कॅन म्हणजे काय? त्यातून निदान पक्कं होतं का?

टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य जोडलेलं ट्रोडॅट नावाचं औषध शिरेतून देतात. ते मेंदूतल्या डोपामिन पेशींच्या टोकांना चिकटतं आणि स्पेक्ट कॅमेरा ती टोकं किती उरलीत हे दाखवतो. परदेशात याच कामासाठी आयोडीन-१२३ वरचं आयोफ्लुपेन वापरतात. अमेरिकेत त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे ट्रोडॅट जास्त चालतं.

निरोगी चित्रात दोन्ही बाजूंना स्वल्पविरामाच्या आकाराचे ठळक भाग दिसतात. कंपवातात स्वल्पविरामाची शेपटी आधी जाते आणि गोल ठिपका उरतो. ज्या हाताला त्रास जास्त, त्याच्या विरुद्ध बाजूला जास्त जातं. पहिलं लक्षण दिसेपर्यंत निम्म्याच्या आसपास टोकं गेलेली असतात, म्हणून लक्षणं नवी असली तरी स्कॅन बिघडलेला दिसतो.

पैसे भरण्यापूर्वी एवढं मात्र समजून घ्या. ट्रोडॅट एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: डोपामिनच्या पेशी कमी झाल्यात की नाही. इसेन्शियल ट्रेमर आणि औषधांमुळे झालेला त्रास यांत तो नॉर्मल येतो. कंपवात, पीएसपी, एमएसए, कॉर्टिकोबेसल या चौघांतही तो बिघडतो. म्हणजे ‘कंपवात की इसेन्शियल ट्रेमर’ असा पेच असेल तर ट्रोडॅट काढावा. ‘कंपवात की पीएसपी’ असा पेच असेल तर त्यावर खर्च करू नये. तिथे नीट काढलेला एमआरआय आणि गरज पडली तर एफडीजी पेट (प्रश्न ११).

आणखी एक: पुटॅमेनमध्ये जुना छोटा लकवा असेल तर ट्रोडॅटवर तिथे खड्डा दिसतो आणि तो कंपवात समजला जाऊ शकतो. म्हणून ट्रोडॅट वाचणाऱ्याच्या हातात एमआरआय असलाच पाहिजे.

१०. ट्रोडॅटला जाताना कोणत्या गोळ्या बंद कराव्या लागतात? दिवस किती मोडतो?

लेव्होडोपा सहसा बंद करावी लागत नाही. अडथळा आणतात त्या वेगळ्या: बुप्रोपियॉन, मिथाइलफेनिडेट, ॲम्फेटामाइन गटातली औषधं. बुप्रोपियॉन साधारण आठवडाभर आधी थांबवतात, अर्थात ते देणाऱ्या डॉक्टरांना विचारून. तंबाखू सोडण्यासाठी हे औषध देतात, म्हणून ‘डिप्रेशनची गोळी नाही’ असं उत्तर देऊन घरचे ते सांगायचं विसरतात. काही मानसिक औषधांमुळे आकडा किंचित इकडे-तिकडे होतो, पण चित्राचा आकार बिघडत नाही. पूर्ण यादी आधी फोनवर सांगा.

इंजेक्शननंतर तीन-चार तास थांबावं लागतं, मग अर्धा-पाऊण तास कॅमेऱ्याखाली स्थिर पडायचं. उपाशी राहायची गरज सहसा नसते. त्या मधल्या वेळात पाणी पीत राहा आणि वारंवार लघवीला जा, म्हणजे औषध लवकर बाहेर पडतं. आयोफ्लुपेन असेल तर थायरॉइडच्या संरक्षणासाठी आधी आयोडीनचा डोस देतात. ट्रोडॅटला तो लागत नाही.

११. पेट स्कॅनचे दोन प्रकार सांगितले, एफडीजी आणि एफ-डोपा. कोणता काढायचा?

एफ-डोपा ट्रोडॅटच्याच प्रश्नाचं उत्तर देतो, चित्र अधिक स्पष्ट असतं. त्याआधी लेव्होडोपा साधारण १२ तास बंद ठेवतात आणि तासभर ते दीड तास आधी कार्बिडोपाची गोळी देतात, म्हणजे औषध वाटेत न संपता मेंदूपर्यंत पोचतं.

एफडीजी मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतोय ते दाखवतो, आणि सारख्या आजारांत फरक करायला तो जास्त उपयोगी आहे. कंपवातात पुटॅमेनची साखर टिकून असते किंवा वाढलेली दिसते. एमएसएत पुटॅमेन आणि लहान मेंदू मंद दिसतात, पीएसपीत मध्यमेंदू आणि कपाळामागचा आतला भाग. कॉर्टिकोबेसलमध्ये एकाच बाजूचा मेंदू मंदावतो, बिघडलेल्या हाताच्या विरुद्ध बाजूचा.

तयारीत चुकलं तर हे चित्र फसवतं. चार ते सहा तास उपाशी, फक्त साधं पाणी. सकाळचा चहाही नाही. रक्तातली साखर २०० च्या वर असेल तर स्कॅन बहुधा पुढे ढकलतात. मधुमेही रुग्णाने इन्सुलिनची वेळ आधीच ठरवून घ्यावी, दारात पोचून टोचून घेऊ नये. इंजेक्शननंतर अंधाऱ्या खोलीत अर्धा तास गप्प बसायचं, मोबाइलही नाही. बोलत राहिलं, व्हिडिओ पाहिला की मेंदूचे ते ते भाग उजळतात.

दोन्हींतल्या फ्लोरिन-१८ चं अर्धं आयुष्य ११० मिनिटं. डोस तुमच्या नावाने, तुमच्या वेळेसाठी मागवलेला असतो. तुम्ही दोन तास उशिरा पोचलात तर त्यातला निम्म्याहून जास्त वाया गेलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये आंबोली, आंबा किंवा कुंभार्ली घाटात दरड आली की वाट तासन्‌तास अडते, आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रकही संथ असतं. पावसात पेटची वेळ असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. निघण्यापूर्वी डोस नक्की आहे ना, हे सेंटरला विचारून घ्या.

१२. आजार मेंदूचा, मग हृदयाचा एमआयबीजी स्कॅन का सांगितला?

कंपवातात हृदयाकडे जाणाऱ्या सिम्पथेटिक नसांची टोकंही झिजतात, त्यामुळे एमआयबीजी हे शिरेतून दिलेलं किरणोत्सर्गी औषध हृदयात कमी उतरतं. एमएसए आणि पीएसपीत ते बहुधा नीट उतरतं. म्हणून ‘कंपवात की एमएसए’ या पेचात तो मदत करतो. जुना मधुमेह, हार्ट ॲटॅक, हार्ट फेल्युअर आणि काही औषधं यांमुळेही तो बिघडतो. अशा रुग्णात त्याच्या निकालावर फार भार टाकू नये.

१३. आईला पाच मिनिटंही स्थिर पडता येत नाही. एमआरआय कसा होणार?

पहिली गोष्ट, एमआरआयच्या दिवशी लेव्होडोपा चुकवू नका. ‘स्कॅन आहे, गोळी नको’ असं समजून पुष्कळ जण ती टाळतात आणि मग कंप व ताठरपणा दोन्ही वाढतात. गोळी लागू पडते त्या वेळेत, साधारण घेतल्यानंतर तासाभराने, स्कॅनची वेळ मागून घ्या. गुडघ्यांखाली उशी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पंज, अंगावर चादर. थंडीने कंप वाढतो आणि ती खोली थंड असते. लघवीला जाऊन यायचं. तंत्रज्ञांना सांगा की महत्त्वाचे सिक्वेन्स आधी घ्या: थ्रीडी टी-वन आणि एसडब्ल्यूआय. शेवटच्या दहा मिनिटांत रुग्ण थकतो. झोपेचं औषध द्यायचंच झालं तर भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. गिळायला किंवा श्वासाला त्रास असणाऱ्या एमएसएच्या रुग्णात विशेष जपून.

१४. पेसमेकर, स्टेंट, गुडघ्याची वाटी असेल तर?

पेसमेकरचं कार्ड दाखवल्याशिवाय खोलीच्या दारातही जाऊ नका. काही नवे पेसमेकर एमआरआयला चालतात, पण त्यांची सेटिंग आधी बदलावी लागते. हृदयातले स्टेंट आणि सांध्यांचे रोपण सहसा चालतात. मेंदूतल्या जुन्या क्लिपा, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकण्यासाठी कानात बसवलेलं यंत्र), डीबीएसची (कंपासाठी मेंदूत बसवलेल्या तारांची) बॅटरी यांची माहिती लेखी हवी. बोटीच्या इंजिनवर, वेल्डिंगवर किंवा ग्राइंडरवर काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर आधी डोळ्याचा एक्स-रे. गळ्यातलं, कानातलं, नथ, तावीज, करगोट्यातली पेटी सगळं घरीच ठेवा.

१५. या स्कॅनचा किरणोत्सर्ग किती? घरात नातवंडं आहेत, सून गरोदर आहे.

एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग अजिबात नसतो. मेंदूच्या सीटीत सुमारे २ मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्गाचा डोस मोजायचं एकक). ट्रोडॅट किंवा पेटमध्ये त्याहून बराच जास्त. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, त्यावरून अंदाज घ्या. ट्रोडॅट किंवा पेटनंतर त्या दिवसापुरतं तान्ह्या बाळाला मांडीवर घेणं आणि गरोदर बाईच्या अगदी जवळ तासन्‌तास बसणं टाळा. सोबत जाणारी व्यक्ती गरोदर नसावी. जेवणाची भांडी, कपडे वेगळे ठेवायची गरज नाही.

१६. रिपोर्टात ‘व्हेंट्रिकल्स मोठी, एव्हान्स इंडेक्स ०.३४’ असं आहे. ऑपरेशन लागेल का?

एवढ्यावरून नाही. एव्हान्स इंडेक्स ०.३ च्या वर म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या रुंद आहेत. मेंदू झिजला तरी पोकळ्या रुंदावतात. पाणी साचण्याचा आजार, म्हणजे एनपीएच, असेल तर डोक्याच्या वरच्या भागातल्या घड्या दाबलेल्या, बाजूच्या मोठ्या फटी रुंद, आणि कॅलोसल कोन, म्हणजे दोन बाजूंच्या पोकळ्यांमधला कोन, ९० अंशांपेक्षा कमी असतो. हा कोन रिपोर्टात नसेल तर रेडिओलॉजिस्टना मोजायला सांगा. लक्षणं तीन: पाय ओढत चालणं, लघवी न आवरणं, विसरभोळेपणा. मग कमरेतून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढून आधीची आणि नंतरची चाल पाहतात. मोबाइलवर त्याच अंगणात, तेवढ्याच अंतराचे दोन्ही व्हिडिओ काढून ठेवा. चाल सुधारली तर शंटचा, म्हणजे जास्तीचं पाणी वाहून नेणारी नळी बसवण्याच्या ऑपरेशनचा विचार.

१७. भाचा २२ वर्षांचा आहे. हात थरथरतात, बोबडं बोलतो, अक्षर बिघडलं. त्याला ट्रोडॅट काढायचा का?

आधी विल्सनचा आजार तपासा. शरीरात तांबं साठण्याचा हा आनुवंशिक आजार वेळेत ओळखला तर गोळ्यांनी आटोक्यात येतो, उशीर झाला तर यकृत आणि मेंदू दोन्ही जातात. चाळिशीच्या आतल्या प्रत्येक अशा रुग्णात ही तपासणी झालीच पाहिजे, यावर आमचा आग्रह आहे. रक्तातलं सेरुलोप्लाझमिन, २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि नेत्रतज्ज्ञांकडे स्लिट लॅम्पवर बुबुळाच्या कडेची तपकिरी कडी. एमआरआयमध्ये पुटॅमेन, थॅलॅमस आणि मध्यमेंदूत पांढरेपणा दिसतो. मध्यमेंदूच्या त्या चित्राला ‘पांडाचा चेहरा’ म्हणतात. तो प्रत्येकात नसतो, म्हणून पांडा नाही म्हणून पुढच्या तपासण्या सोडू नका. निदान झालं तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करायची, त्यांना काही त्रास नसला तरी.

१८. दोन वर्षं पार्किन्सन्सच्या गोळ्या चालू आहेत आणि आता ट्रोडॅट नॉर्मल आला. गोळ्या सोडू का?

स्वतःहून सोडू नका. लेव्होडोपा एकदम थांबवली तर तीव्र ताठरपणा आणि ताप येऊ शकतो. पण निकाल दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार डोपामिनचा स्कॅन स्पष्ट नॉर्मल असेल तर पार्किन्सन्सचं निदान बाद होतं. मग डॉक्टरांनी पुन्हा शून्यातून पाहावं: औषधांची यादी (प्रश्न ४), इसेन्शियल किंवा डिस्टोनिक (स्नायू आखडून होणारा) ट्रेमर, छोटे लकवे, पाणी साचणं. स्कॅन नीट झाला होता का, डोकं तिरकं होतं का, हेही चित्र पाहून ठरवावं, नुसता रिपोर्ट वाचून नव्हे.

१९. दोन ठिकाणचे दोन रिपोर्ट वेगळे आले. कोणता खरा?

रिपोर्ट हे चित्राचं वाचन आहे. वाचणाऱ्याला लक्षणं माहीत नसतील तर वाचन बदलतं. फिल्मचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून तिसरं मत मागू नका. त्यात मध्यमेंदूचं मोजमाप होत नाही. सेंटरकडून डायकॉम फाइल्सची, म्हणजे मूळ चित्रांची, सीडी किंवा लिंक मागा, ती तुमच्या हक्काची आहे. ती घेऊन हालचालींच्या विकारांत काम करणाऱ्या न्यूरोलॉजिस्टकडे जा, आणि रुग्णालाही सोबत न्या.

तरीही उत्तर मिळालं नाही तर घाईने आणखी एक महागडा स्कॅन काढण्यापेक्षा सहा महिने ते वर्षभर थांबून, त्याच सेंटरवर, त्याच सिक्वेन्सने एमआरआय पुन्हा काढणं जास्त फलदायी ठरतं. पीएसपी आणि एमएसएत तेवढ्या काळात झीज पुढे सरकलेली दिसते. मधल्या काळात महिन्यातून एकदा वहीत लिहून ठेवा: किती वेळा पडले आणि कुठल्या दिशेला, आडवं असताना आणि तीन मिनिटं उभं राहिल्यावर रक्तदाब किती, गोळीनंतर किती वेळ बरं वाटलं. पुढच्या भेटीला सीडीसोबत ही वही न्या.